गोठलेली लस

फुलजेन्सिया मिंज हे नाव धरमडीहच्या तुरुंगात कुणाच्याच जिभेवर बसलं नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीबाबांनी ठेवलेलं ते नाव. तुरुंगाच्या कारकुनानं रजिस्टरात तीनदा लिहून तीनदा खोडलं आणि शेवटी 'फुलजन' एवढ्यावर भागवलं. बायकांच्या बराकीत ती पहिल्याच आठवड्यात फुलो दीदी झाली.

बाहेर असताना ती सात गावांची पशुसखी होती. शिक्षण आठवीपर्यंत. बचत गटानं नाव पाठवलं, ब्लॉकच्या पशुवैद्यानं बारा दिवस शिकवलं आणि खांद्याला एक निळी पेटी अडकवून दिली. बकऱ्यांना लस टोचायची, जंताचं औषध पाजायचं, बोकड खच्ची करायचे. लोक तिला बकऱ्यांची डॉक्टरीन म्हणायचे, काही कौतुकानं, काही चिडवायला. नवरा लोदरो झाडावरून पडून गेला, त्याला नऊ वर्षं झाली होती. तेव्हापासून ती कुणाला विचारून काही करत नसे.

तुरुंगात आली ती बकऱ्यांपायीच. जंगल खात्याच्या नव्या रोपांत चरल्या म्हणून पंचायतीच्या बाबूनं तेवीस बकऱ्या कोंडवाड्यात घातल्या होत्या. जेठ महिन्याचं ऊन, वर पत्रा, आणि तीन दिवस पाण्याचा थेंब नाही. दोन गाभण बकऱ्या आडव्या पडल्याचं कळलं तशी फुलो तिथं गेली. बाबू म्हणाला, आधी सरपंचाची सही आणा. सरपंच लग्नाला गेलेला. फुलोनं शेजारचा दगड उचलला आणि कुलूप फोडलं. बाबू तिचा हात धरायला धावला, तो ओट्यावरून खाली गेला आणि त्याचं मनगट मोडलं. सरकारी कामात अडथळा, मारहाण, मालमत्तेचं नुकसान. कोर्टात तिनं सांगितलं, "कुलूप मी फोडलं. बाबू आपला आपण पडला." या दोन वाक्यांपलीकडे ती कधी गेली नाही आणि त्यातलं एकही वाक्य तिनं मागं घेतलं नाही. जामीन मंजूर झाला होता, पण जामीनदार मिळेना. जमीन मेलेल्या सासऱ्याच्या नावावर आणि भाऊ वीटभट्टीवर परराज्यात. असे चौदा महिने गेले.

त्या पावसाळ्यात हुकूम आला की तुरुंगातल्या प्रत्येकाला मोठ्या काविळीची, रक्तातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस बीची, लस द्यायची. पुरुषांच्या बाजूला एका वस्तऱ्यावर चाळीस दाढ्या व्हायच्या. एकाच सुईनं दंडावर नावं गोंदली जायची. वर्षभरात दोघं पोट फुगून मेले होते. लस तीन वेळा घ्यायची. आज एक, महिन्यानं दुसरी, सहा महिन्यांनी तिसरी.

बायकांच्या बराकीत सव्वीसजणी होत्या. बातमी आली तशी कुजबुज सुरू झाली.

"सरकार फुकट काही देतं का कधी?" सनमेत दाई म्हणाली. ती सगळ्यांत म्हातारी, म्हणून सगळ्यांची दाई, आई. सुनेच्या जळण्याच्या केसमध्ये जन्मठेप भोगत होती आणि तुरुंगाला सासर म्हणायची. "आपल्यावर करून बघणार आणि मग साहेबलोकांना देणार."

"मूल होत नाही म्हणे त्यानं," बिफनी म्हणाली. तिचं लग्न होऊन चारच महिने झाले होते, तेवढ्यात अटक झाली होती.

फुलो हसली. "बिफनी, माझ्या सात गावांतल्या बकऱ्यांना मी वर्षातून तीनदा सुया मारत होते. जाऊन बघ, एकेकीला तीन-तीन करडं आहेत."

"मी बकरी आहे का?"

"बकरी तुझ्यापेक्षा शहाणी. सुई मारली की एकदा ओरडते आणि चरायला लागते. तू आठ दिवस आधीपासूनच ओरडतेयस."

आठवडाभर ती एकेकीच्या मागं लागली. तांदूळ निवडताना, कपडे धुताना, सकाळच्या मोजणीच्या रांगेत. काविळीनं माणूस कसं जातं ते सांगितलं. तिनं आपल्या भावजयीला तसं जाताना पाहिलं होतं. अखेर सनमेत दाईसुद्धा म्हणाली, "बरं बाई, घेते. तुझी बडबड तरी थांबेल."

आणि ज्या दिवशी लस बराकीत आली त्याच दिवशी फुलो म्हणाली, नको.

झालं ते असं. दवाखान्याची झाडलोट तिच्याकडे होती. त्या सकाळी ती फरशी पुसत होती आणि कंपाउंडर देवांगन फ्रिजचा वरचा बर्फाचा कप्पा उघडून उभा होता. लसीचा खोका आत बर्फात रुतून बसलेला. देवांगन तो चमच्याच्या दांड्यानं खरवडून काढत होता. बाटल्या निघाल्या त्या दगडासारख्या. त्यानं त्या खिडकीत उन्हाला ओळीनं मांडल्या आणि चहा प्यायला गेला. फुलो फडकं हातात धरून त्या बाटल्यांकडे बघत राहिली. आत पांढरा गोळा होता, हळूहळू कडेनं सुटत चाललेला.

हे तिनं आधी पाहिलं होतं.

पशुसखी झाल्याच्या पहिल्या वर्षी, पावसाच्या तोंडाशी, कोवळ्या चाऱ्यानं होणाऱ्या आंत्रविषाराची लस आली होती. गावात फ्रिज एकच, रेशन दुकानदाराकडे. थंड ठेवायची एवढंच तिच्या डोक्यात, म्हणून तिनं ती सगळ्यांत थंड जागी, बर्फाच्या कप्प्यात, ठेवली. नंतर वितळवून भेलवापारा वस्तीतल्या सगळ्या बकऱ्यांना टोचली. वीस दिवसांनी कोवळा चारा आला आणि अकरा बकऱ्या एकामागून एक पोट फुगून मेल्या. त्यातल्या चार एकट्या सुगनी म्हातारीच्या, तिच्याकडे दुसरं काहीच नव्हतं. पशुवैद्यानं येऊन उरलेली बाटली हलवून दाखवली. औषध फाटून भुकटी खाली बसत होती. ही लस उन्हानं मरते तशी गोठूनही मरते, हे त्यानं तेव्हा सांगितलं. फुलो त्या अकरा बकऱ्यांच्या मालकांकडे गेली आणि प्रत्येक दारात म्हणाली, "तुमची बकरी माझ्या चुकीनं मेली." सुगनीनं तिच्या तोंडावर दार लावलं होतं.

दुपारी देवांगन पेटी घेऊन बायकांच्या अंगणात आला. बरोबर वॉर्डर पैकरा मॅडम, हातात यादी. पहिलं नाव फुलोचंच होतं, कारण बाकीच्या तिच्याकडे बघून हात पुढे करणार होत्या.

"ही लस गोठलेली होती," फुलो म्हणाली. "मी घेणार नाही. कुणीच घेऊ नका."

देवांगन हसला. "काय म्हणाली?"

"सकाळी तुम्ही चमच्यानं बर्फ खरवडत होता. गोठली की ही लस मरते. टोचली काय आणि पाणी टोचलं काय, सारखंच."

"ए बाई, ही बघ." त्यानं बाटली तिच्या नाकासमोर धरली. "हा गोल दिसतो? त्यात चौकोन आहे, पांढरा. चौकोन काळा पडला तर लस खराब. पांढरा आहे म्हणजे लस ठणठणीत. कंपनीनं उगाच छापलंय का?"

"तो चौकोन गरमीनं काळा पडतो. थंडीनं मेली तर त्याला काय कळणार?"

"आठवी पास बकरी-डॉक्टरीन मला शिकवणार! काल-परवा याच खोक्यातून दोनशे चौदा पुरुषांना दिली मी. एक तरी मेला का?"

"मरणार नाहीत. पण काविळीपासून वाचणारही नाहीत. आणि वाचलो म्हणून बेफिकीर राहतील, हे आणखी वाईट."

बिफनी रडकुंडीला आली होती. "दीदी, काल म्हणालीस घे. आज म्हणतेस नको. आम्ही काय समजायचं?"

फुलोला तो प्रश्न लागला. ती तिच्याकडे वळून म्हणाली, "लस घ्यायचीच आहे, नोनी, माझ्या पोरी. पण जिवंत. मी बकऱ्यांना मेलेली लस टोचून बसलेय एकदा. माणसांना टोचू देणार नाही."

पैकरा मॅडमनं यादी मिटली. "फुलजन, बायकांना भडकवते आहेस. वर कळवावं लागेल."

"कळवा. खरं ते कळवा म्हणजे झालं."

सनमेत दाईनं आपली बाही वर केली होती, ती खाली ओढली आणि भिंतीला टेकून बसली. "मी पण नाही. मला सुईची भीती नव्हतीच, पण हिच्या थोबाडाची आहे." दोघी-तिघी हसल्या आणि मग एकेक करून सगळ्या बसल्या. सव्वीसपैकी एकीनंही हात पुढे केला नाही.

संध्याकाळी जेलर साहेबांनी फुलोला ऑफिसात उभं केलं. त्यांच्या टेबलावर अहवालाचा कागद होता आणि शंभर टक्के लसीकरण झाल्याचं त्यांना सोमवारपर्यंत कळवायचं होतं.

"तुला लस नको, तर नको. लस नाकारली अशा कागदावर अंगठा उठव आणि जा. पण बाकीच्यांना सांग की तुझी चूक झाली."

"साहेब, मी सही करते, अंगठा नाही. आणि लिहायचं तर असं लिहा, मला लस पाहिजे, ही नको."

"तू काय गुपचूप राहायला शिकलीच नाहीस का?"

"शिकले असते तर इथं कशाला आले असते?"

तिला वेगळ्या कोठीत टाकलं. झाडलोटीचं काम गेलं, मुलाखत बंद झाली. मुलाखतीला येणारं असं होतंच कोण, बहीण कधीतरी तीन महिन्यांनी यायची. तरी त्या रविवारी नेमकी ती आली आणि फाटकावरून परत गेली. फुलोला ते दुसऱ्या दिवशी पैकरा मॅडमकडून कळलं. तेव्हा मात्र ती भिंतीकडे तोंड करून बराच वेळ बसली.

"सोड ना आता हट्ट," पैकरा मॅडम जाळीबाहेरून म्हणाल्या. स्वर कोरडाच होता, पण त्या लगेच निघून गेल्या नाहीत. "कोण विचारतंय इथं कैद्यांना? लस मेलेली का जिवंत, तुला काय पडलंय एवढं?"

"मॅडम, तुम्ही घेतली का ती? स्टाफला पण दिली म्हणे."

पैकरा मॅडमचा हात आपल्या दंडावर गेला. घेतली होती.

गुरुवारी फुलोची तारीख होती. आता कोर्टात नेत नसत. तुरुंगातल्याच एका खोलीत टीव्हीच्या पडद्यासमोर उभं करायचे आणि पलीकडे मॅजिस्ट्रेट मॅडम दिसायच्या. पुकारा व्हायचा, पुढची तारीख मिळायची, दोन मिनिटांत संपायचं. या खेपेला सरकारनं दिलेला तिचा वकील जामीनदाराची अट शिथिल करण्याचा अर्ज घेऊन आला होता. चौदा महिन्यांत पहिल्यांदाच काहीतरी होण्यासारखं होतं.

"फुलजन मिंज, जामिनाबाबत काही सांगायचंय?" मॅजिस्ट्रेट मॅडमनी विचारलं.

"ते नंतर, मॅडम. आधी लसीचं."

वकिलानं कपाळाला हात लावला. खोलीतला शिपाई पुढं झाला, पण फुलो पडद्याच्या इतक्या जवळ सरकली की तिचा चेहराच तेवढा दिसत असावा. तिनं भरभर सगळं सांगितलं. बर्फाचा कप्पा, चमचा, दोनशे चौदा माणसं, सव्वीस बायका, वेगळी कोठी. "माझं खोटं असेल तर मला आणखी वर्षभर ठेवा. पण बाटली कुणीतरी तपासा. एक दिवसाचं काम आहे."

"कसं तपासतात ते ठाऊक आहे तुम्हाला?"

"आहे. डॉक्टरांना पाठवा, मी सांगते."

पलीकडे थोडा वेळ कागद चाळल्याचा आवाज आला. मग मॅजिस्ट्रेट मॅडमनी जिल्हा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी तपासून आठवडाभरात लेखी कळवावं असा आदेश दिला. जामिनाचा अर्ज पुढच्या तारखेला गेला.

डॉक्टर कश्यप शनिवारी आले. तरुण, पहिलीच नेमणूक, आणि सुट्टीचा दिवस वाया गेल्यानं वैतागलेले. "तुम्हीच का त्या?" त्यांनी कोठीसमोर उभं राहून विचारलं. "काय करायचं म्हणता?"

"तुमच्या मोठ्या गोदामातल्या दोन बाटल्या आणा, चांगल्या राखलेल्या. एक आज बर्फात ठेवा, मुद्दाम गोठवा. उद्या वितळवा. मग ती, दुसरी चांगली आणि ही देवांगनबाबूंची, तिन्ही एकदम हलवा आणि सारख्या जागी ठेवा. गोठलेली भराभर खाली बसते. देवांगनबाबूंची कुणासारखी वागते ते बघायचं."

डॉक्टरांनी हातातली बॅग खाली ठेवली. "हे आम्हाला पुस्तकात होतं," ते सावकाश म्हणाले. "मी करून कधी पाहिलं नाही."

"मी बकऱ्यांच्या लसीवर केलंय. दर खेपेला करते."

रविवारी सकाळी बायकांच्या अंगणात एक बाक मांडला. जेलर साहेब खुर्चीवर, देवांगन उभा, बाकीच्या पंचवीसजणी अर्धगोल करून बसलेल्या. फुलोला कोठीतून आणलं होतं. डॉक्टरांनी तिन्ही बाटल्यांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या, तिन्ही एका मुठीत धरून जोरात हलवल्या आणि बाकावर ठेवल्या. तिन्ही सारख्याच दिसत होत्या, पेजेच्या निवळीसारख्या धुरकट.

"झालं?" जेलर साहेब म्हणाले. "सगळ्या सारख्या."

"बसा साहेब जरा," सनमेत दाई म्हणाली. "आम्ही तर वर्षानुवर्षं बसलोय."

पाच मिनिटं गेली. डॉक्टर वाकून बघत होते. मुद्दाम गोठवलेल्या बाटलीत बारीक कण दिसू लागले, फाटलेल्या दुधासारखे. ते खाली उतरू लागले. मग देवांगनच्या बाटलीतही तेच. पाव तास होता होता दोन बाटल्यांत वर स्वच्छ पाणी आणि तळाशी पांढरा थर होता. तिसरी अजून तशीच धुरकट होती.

"गोठलेली आहे," डॉक्टर म्हणाले. "ही लस वापरण्यालायक नाही."

बिफनीनं टाळ्या वाजवायला हात उचलले आणि पैकरा मॅडमकडे बघून मांडीखाली घातले. देवांगनचा चेहरा उतरला होता. "जितकी थंड तितकी चांगली, असंच वाटलं," तो पुटपुटला. "मला कुणी सांगितलंच नव्हतं."

फुलोला त्याच्यावर ओरडायचं होतं. आठ दिवस कोठीत ती त्यासाठी शब्द जमवत होती. पण भेलवापाऱ्यातल्या दारांपुढं आपणही असंच उभं होतो, हे तिला आठवलं. "मलाही कुणी सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. "माझ्यापायी अकरा बकऱ्या गेल्या. आता तुम्हाला कळलंय ना? मग जाऊन त्या दोनशे चौदा जणांना सांगा."

इथं जेलर साहेब उठले. नवी लस येईल, बायकांना दिली जाईल, विषय संपला, असं ते म्हणाले. पुरुषांची नोंद होऊन गेलेली, कार्डं वाटून झालेली. ती उकरून काढली तर वरपर्यंत बोभाटा होईल.

बुधवारी नवी लस आली. डॉक्टर स्वतः घेऊन आले, पेटीत काट्याचं थर्मामीटर ठेवून. पहिलं नाव पुन्हा फुलोचं.

"पुरुषांना कधी?" तिनं विचारलं.

"ते आम्ही बघू," जेलर साहेब म्हणाले.

"मग मी पण बघते." ती खाली बसली. "आधी त्यांना. मग मला."

"फुलजन, आता तर लस चांगली आहे! आता काय?"

"त्यांच्या हातात खोटं कार्ड आहे, साहेब. मेलेल्या लसीचं. ते माझे कुणी नाहीत, पण मला माहीत असून मी गप्प बसले तर ते खोटं माझं पण होईल."

या खेपेला बाकीच्यांना तिनं अडवलं नाही. उलट एकेकीला ढकललं. सनमेत दाईनं सुई घेतली, बिफनी ओरडली आणि मग हसली, पंचवीसजणींचं झालं. फुलो एकटी बसून राहिली. डॉक्टरांनी पेटी बंद केली, थोडा विचार केला आणि म्हणाले, "जेलर साहेब, मला कोर्टाला लेखी द्यायचंय. त्यात पुरुषांचंही लिहावं लागेल. खोटं मी लिहिणार नाही."

पुढच्या आठवड्यात पुरुषांच्या बाजूला पुन्हा रांगा लागल्या. जुनी कार्डं फाडली गेली. वॉर्डरनीही बाह्या वर केल्या. भिंतीपलीकडून दिवसभर शिव्या ऐकू येत होत्या. कुणीतरी मोठ्यानं ओरडलं, "ओ बकरी-डॉक्टरीन! तुझ्यापायी दुसऱ्यांदा दंड सुजला!"

फुलो अंगणातून ओरडली, "दंड सुजू दे रे बाबा, काळीज तर शाबूत राहील!"

भिंतीपलीकडे हशा पिकला. मग तिनं डॉक्टरांपुढं दंड उघडा केला.

कोर्टाला गेलेल्या कागदात डॉक्टरांनी तिचं नाव लिहिलं होतं. तुरुंगाच्या अहवालात मात्र 'प्रशासकीय कारणास्तव लस बदलण्यात आली' एवढंच आलं. झाडलोटीचं काम तिला परत मिळालं नाही. पैकरा मॅडमनी बहिणीची हुकलेली मुलाखत भरून दिली, कुठल्याही रजिस्टरात न लिहिता, पूर्ण अर्धा तास. दुसरा डोस महिन्यानं झाला. चौथ्या महिन्यात जामीनदाराची अट शिथिल झाली आणि फुलो घरी गेली.

सहावा महिना भरला तेव्हा जंगलात सालवृक्ष फुलले होते. फुलो कार्ड घेऊन गावच्या आरोग्य केंद्रात गेली. तिथली नर्स म्हणाली, ही लस आम्ही लहान बाळांना देतो, मोठ्यांची आमच्याकडे नाही, जिथं पहिली घेतली तिथं जा.

म्हणून ती धरमडीहला गेली आणि तुरुंगाच्या फाटकासमोर उभी राहिली.

"काय ग, परत?" पैकरा मॅडम खिडकीतून म्हणाल्या. "लोक इथून सुटायला धडपडतात आणि तू आत यायला?"

"तिसरी सुई राहिलीय."

"सुटलेल्या कैद्यांना देता येत नाही. तुझं नाव आता रजिस्टरात नाही."

"काविळीच्या रजिस्टरात आहे. तिला ठाऊक नाही मी सुटलेय ते." फुलो फाटकासमोरच्या दगडावर बसली. "डॉक्टर आज आत आहेत ना? त्यांना सांगा. मी बसते."

ऊन चढलं. मुलाखतीला आलेल्या माणसांची रांग तिच्याभोवती वाढत गेली. तिनं पदरातला चिवडा सोडला, शेजारच्या म्हातारीला दिला, आपण खाल्ला. शिपायानं दोनदा हाकललं, ती दोनदा तिथंच बसून राहिली. दुपारी डॉक्टर कश्यप पेटी घेऊन स्वतः बाहेर आले आणि फाटकाबाहेर, सगळ्यांसमोर, त्यांनी तिला तिसरी सुई दिली.

कार्डावर तारीख टाकत ते म्हणाले, "झालं तुमचं. आता तरी शांतपणे घरी जा."

"माझं झालं," फुलो म्हणाली आणि तिनं कमरेचा एक कागद काढून त्यांच्या हातात दिला. "सात बायका सुटल्यात माझ्यासारख्या, तिसरी न घेता. ही त्यांची नावं, गावं. बिफनी पण आहे, ती माहेरी आहे, पोटुशी. सोमवारी बाजार भरतो, सगळ्यांना इथंच आणते. तुम्ही या."

"सोमवारी माझी इथं पाळी नसते."

"मग लावून घ्या," ती म्हणाली आणि बस धरायला निघाली.